खालचा पट्टा

"ही बी न्हवं," चनबसप्पा पुटपुटला आणि सातवी टेप यंत्रावरून उतरवून त्यानं आठवी चढवली.

कानांवर हेडफोन, कपाळावर घाम. टेप फिरू लागली. आत बजाबाई हवी होती. अक्कलकोटच्या अलीकडच्या वस्तीवरची बजाबाई, हरवलेल्या म्हशीची हकीकत सांगणारी, दोन वाक्यं मराठीत आणि तिसरं कानडीत. तिच्या जागी कुणीतरी पोरगी इंग्रजीत ठणकावून सांगत होती, की गाडी साडेनऊला सुटते. थोडं थांबून पुन्हा तेच. सुटते म्हणे! त्यानं टेप पुढं पळवली, मागं पळवली. बजाबाई नव्हती. म्हैसही नव्हती.

सोमवारचे साडेदहा वाजले होते. बाराला विद्यापीठाची समिती येणार होती.

हा चनबसप्पा म्हणजे कॉलेजच्या भाषा प्रयोगशाळेचा सर्वेसर्वा. कागदावर मात्र शिपाई. एकोणीसशे पासष्ट साली प्रयोगशाळा सुरू झाली, पोरांना बसायला सोळा लाकडी खोपटी, सोळा टेपरेकॉर्डर, मध्ये मास्तरांचं टेबल. यंत्रं बसवणारा माणूस मुंबईहून आला आणि तीन दिवसांत परत गेला. ते तीन दिवस चनबसप्पा त्याच्या मागं सावलीसारखा हिंडला. तेव्हापासून नऊ वर्षं पट्टा तुटला, मोटर जळली, आवाज घोगरा झाला की सगळे ओरडायचे, "चनबसप्पाला बोलवा!" शिक्षण सातवीपर्यंत, पण हातात जादू होती गड्याच्या.

आणि कानात त्याहून मोठी. भाषाशास्त्राच्या हिरेमठ सरांनी ती हेरली. सर दुधनी-अक्कलकोटकडं फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोली टिपायचे. बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून चनबसप्पा बरोबर असायचा. तो मूळचा दुधनीचाच. माणसानं दोन शब्द बोलावेत आणि यानं सांगावं, "ही बाई हितली न्हाय सर, माहेर वढ्याच्या पल्याडचं." सर विचारून खात्री करायचे आणि थक्क व्हायचे.

सरांचं स्वप्न मोठं होतं. त्या बोलण्यातला शब्द न् शब्द कार्डावर उतरवायचा, कार्डांना भोकं पाडायची आणि गठ्ठे मुंबईला धाडायचे. तिथला खोलीएवढा कॉम्प्युटर मोजून सांगणार, की सीमेवरच्या माणसाच्या तोंडात मराठी किती आणि कानडी किती. समितीनं टेपा ऐकल्या, पसंत केल्या, की या कामासाठी टेक्निशियनची कायम जागा मिळणार होती. अर्जात सरांनी स्वतःच्या हातानं चनबसप्पाचं नाव घातलं होतं.

"तुझ्याकडे डिप्लोमा नाही, हे खरं," सर म्हणाले होते, "पण या सोळा टेपा हाच तुझा डिप्लोमा. समितीसमोर तूच लावायच्यास."

त्या दिवसापासून चनबसप्पा जमिनीवर चालत नव्हता. घरी बायको गौरम्मा तर शेजारणींना सांगून मोकळी झाली होती, "आमचे हे आता टेकनीशन हुनार की ओ." नऊ वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलेलं नाव एकदाचं कागदावर येणार होतं. त्याला दुसरं काही नको होतं.

म्हणून तर तो शनिवारची रजा घेऊन अक्कलकोटला स्वामींना नवस बोलायला गेला. इकडं त्याच्या मागं सगळं फसलं.

झालं होतं ते असं. प्रयोगशाळेच्या टेपेवर दोन पट्टे असतात. वरच्या पट्ट्यावर इंग्रजीचा धडा, तो पुसला जात नाही. खालचा पट्टा विद्यार्थ्याचा. धड्यातला साहेब बोलतो, विद्यार्थी त्याच्या मागून म्हणतो आणि त्याचा आवाज खालच्या पट्ट्यावर उमटतो. आधी तिथं जे असेल ते पुसून. आता कोऱ्या टेपा म्हणजे परदेशी माल. ऑफिसनं सरांचं मागणीपत्र तीनदा परत पाठवलं. फिरतीच्या रेकॉर्डरला दोनच टेपा, दर गावाला त्याच पुसून पुन्हा वापरायच्या. मग आधीच्या गावाचं बोलणं साठवायचं कुठं? चनबसप्पानंच तोड काढली होती. इंग्रजीच्या जास्तीच्या सोळा टेपा कपाटात पडून होत्या. त्यांच्या खालच्या पट्ट्यावर त्यानं सगळी माणसं उतरवून ठेवली.

"अरे, काय डोकं आहे तुझं!" सर तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते.

त्या सोळा डब्यांवर त्यानं लाल कागद चिकटवला. लाल म्हणजे हात लावू नका, एवढं कुणालाही कळेल, असं त्याला वाटलं.

सोळावी टेप ऐकून तो उठला आणि बाहेर आला. इंग्रजीचे देगावकर सर व्हरांड्यात नवा टाय सारखा करत उभे होते.

"सर, लाल कागदाच्या टेपा कुनी काढल्या?"

"मीच काढल्या. ऑफिसातून कपाटाची दुसरी किल्ली घेतली." देगावकर खुशीत होते. "शनिवारी समितीसाठी रंगीत तालीम घेतली. म्हटलं, चनबसप्पा हुशार, चांगल्या टेपा लाल कागद लावून वेगळ्या काढून ठेवल्यात. पोरं काय झकास बोलली रे! तीनदा घोटून घेतलं त्यांच्याकडून."

तीनदा. चनबसप्पाला त्या माणसावर धड रागावताही येईना. लाल कागदावर चार अक्षरं लिहायला काय धाड भरली होती आपल्याला? तो भिंतीला टेकला आणि तिथंच खाली बसला.

हिरेमठ सरांना सांगताना त्याला रडूच फुटलं. "घात झाला की ओ सर! समद्या पुसल्यात. एक ऱ्हायली, आकरा नंबरची. त्या नंबरच्या यंत्राचं रेकॉर्डिंग बंद पडलंय, पोरगं नुसतंच वरडत बसलं आसंल. तिच्यावरची सोजरबाई तेवढी वाचली."

नादुरुस्त यंत्रानं एक टेप वाचवली आणि त्यानं जपून चालू ठेवलेल्या पंधरा यंत्रांनी पंधरा पुसल्या. दैव असं.

सर पांढरेफटक पडले. दुसरी प्रत नव्हती. पुन्हा जाऊन बोलतं करावं, तर त्यातली सात माणसं आता नव्हती आणि बहात्तरच्या दुष्काळात दोन वस्त्या उठून कुठं गेल्या, कुणाला ठाऊक. सहा वर्षांचं काम एका शनिवारात धुऊन गेलं.

बाराला समिती आली. तिघं जण, बरोबर प्राचार्य. देगावकरांच्या पोरांनी गाडी साडेनऊला सोडून दाखवली, माना डोलल्या. मग अध्यक्ष हिरेमठ सरांकडं वळले. चनबसप्पानं सोजरबाई लावली. म्हातारी गडगडून हसली आणि सुनेची तक्रार सांगू लागली. अध्यक्षांनी पाच मिनिटं ऐकलं.

"छान. पुढची?"

सरांनी घसा खाकरला आणि काय झालं ते सांगितलं.

"पण मुळात संशोधनाचं साहित्य विद्यार्थ्यांच्या टेपांवर घेतलंच कसं?" अध्यक्षांचा आवाज चढला. "ही कुणाची अक्कल?"

चनबसप्पा यंत्राशी उभा होता. त्यानं सरांकडं पाहिलं. आता सर सांगतील, टेपा मिळत नव्हत्या, तीनदा मागितल्या, मीच होकार दिला.

"हा आमचा शिपाई," सर म्हणाले. त्यांची नजर खिडकीबाहेर होती. "त्यानं परस्पर केलं. माझ्या कानावर उशिरा आलं."

शिपाई. नऊ वर्षांत सरांच्या तोंडून हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता. कुणी मुस्काटात मारली असती, तरी इतकं लागलं नसतं.

"काय रे? कुणाला विचारून केलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठापर्यंत आलंही. पण सरांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. चनबसप्पानं ते पाहिलं.

"कुनाला न्हाय साहेब," तो म्हणाला. "माजंच डोकं."

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि वही मिटली. प्राचार्यांनी घाईनं विषय बदलला. "चनबसप्पा, चहा आण सगळ्यांना."

त्यानं आणला. कपबशा एकेकाच्या हातात दिल्या, सरांच्याही. एक थेंब सांडला नाही.

संध्याकाळी सात रस्त्याच्या चौकातून घरी जायला त्याला रोजच्यापेक्षा तासभर जास्त लागला. गौरम्मानं शेंगापोळ्या केल्या होत्या. त्याचं तोंड बघून तिनं त्या झाकून ठेवल्या. शेजारीण डोकावली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दमून आल्यात. उद्या या."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भाषा प्रयोगशाळा समाधानकारक, टेक्निशियनच्या जागेची आवश्यकता नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी हिरेमठ सर प्रयोगशाळेत आले. मधल्या काळात दोघं कामापुरतं बोलले होते. सर थकलेले दिसत होते. हातात अकरा नंबरची टेप आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा.

"म्हटलं, आहे तेवढ्याचं तरी करावं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एका ठिकाणी अडलोय. सोजरबाई मध्येच एक शब्द वापरते. कुठल्या गावचा, कानडी की मराठी, काहीच लागत नाही. जरा ऐकतोस?"

चनबसप्पानं टेप चढवली, हेडफोन लावला. सोजरबाई बोलू लागली. तो शब्द आला. ऐकताक्षणी त्याला उमगलं. त्याच्या आजीच्या तोंडचा शब्द. दुधनीच्या खालच्या अंगाची चार घरं सोडली, तर जगात कुणी तो बोलत नव्हतं. आता त्या घरांतही कुणी उरलं नसेल. सांगून टाकावं असं त्याला वाटलं. सर कार्डावर पेन टेकवून त्याच्या तोंडाकडं बघत होते.

त्यानं टेप थांबवली. पुन्हा एकदा ऐकली. मग हेडफोन उतरवला.

"आमाला शिपायाला काय कळतंय साहेब," तो हळूच म्हणाला.

सरांनी पेनाला टोपण लावलं, कार्ड तसंच कोरं गठ्ठ्यात घातलं आणि निघून गेले.

चनबसप्पानं बाटलीतलं स्पिरिट कापसावर घेतलं, हेडफोनच्या दोन्ही वाट्या सावकाश पुसल्या आणि तो खिळ्याला अडकवला. तीनच्या वर्गाची पोरं दाराशी जमली होती. त्यानं दार उघडून त्यांना आत घेतलं.