कानसेनाचं कपाट

कपाटाच्या दारावर त्यानं तिसरी रजई टाकली, तिची कड आत खोचली आणि गाण्यासाठी आत माइकसमोर उभ्या असलेल्या मुलीला म्हणाला, “आता फक्त पहिली ओळ. घाई नको.”

लटकत्या शर्टांच्या मधून हुंकार आला. तो खुर्चीत येऊन बसला, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून घेतले. मुलगी गाऊ लागली.

‘सांज सरता सावल्यांशी सलगी सारी संपते...’

ज्यानं ही ओळ लिहिली त्याला ‘स’ सोडून दुसरं अक्षर कुणी उसनंसुद्धा दिलं नसावं, असं बायको सकाळीच म्हणाली होती. तेव्हा तो हसला होता. आता हसू येत नव्हतं. गाणं दोनदा परत आलं होतं आणि संगीतकाराचा दुसरा निरोप त्याला तोंडपाठ झाला होता. ‘काका, घुमारा सुंदर आहे, पण प्रत्येक स फुसकारतो, आणि त्या घुमाऱ्यात फुसकारतच राहतो. आज संध्याकाळपर्यंत जमतंय का बघा, नाहीतर मी दुसरीकडे करून घेतो. वाईट वाटून घेऊ नका.’

वाईट वाटून घेऊ नका असं कुणी म्हटलं, की दुसरं काही करण्यासारखं उरतच नाही.

ओळ संपली. त्यानं आवाजावर रिव्हर्बचा घुमारा चढवला आणि कानात प्राण आणून पुन्हा ऐकली. फुसकारणं कुठेच नव्हतं. उलट घुमारा त्याला कोंदट वाटला, घोंगडीखालून आल्यासारखा, म्हणून सवयीनं त्यानं आवाजाला धार देणारा ट्रेबल आणखी जरा वाढवला. मग मुलीला बाहेर बोलावून हेडफोन तिच्या हाती दिले.

पहिल्याच शब्दाला तिचा उजवा डोळा बारीक झाला. पुढच्या शब्दाला खांदा वर गेला.

“कसं वाटतंय?”

“छान आहे काका,” ती म्हणाली आणि हेडफोन जरा लवकरच उतरवले.

त्यानं ते तिच्या हातातून परत घेतले.

धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणत, आणि ते चेष्टेनं नव्हे. मोठ्या स्टुडिओत नोकरीला असताना तो वादकांकडे पाठ करून बसे आणि कुठल्या व्हायोलिनची तार उतरली आहे ते सांगे. स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यानं मागच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट अर्धं रिकामं करून त्यात माइक लावला. बालगीतं, जाहिराती, ध्वनिपुस्तकं असं काम येत राहिलं, आणि बहुतेक सगळं बायकोच्याच आवाजात. कधी कुणाची तक्रार आली नाही. कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख दिसतो, पण तो त्यानं कायमचा बंद करून ठेवला होता. गाणं काय डोळ्यांनी ऐकायचं असतं, असं तो सगळ्यांना ऐकवी.

मध्यंतरी मात्र एक गोष्ट घडली होती. त्याला ताप आला, आणि काखेत थर्मामीटर धरून तो ते वाजायची वाट बघत बसला. वाजेना. त्यानं त्यातला सेल बदलला, तरी वाजेना. दुकानदाराच्या नावानं बोटं मोडून आणखी एक सेल आणला. शेवटी बायको आली, थर्मामीटर काढून घेत म्हणाली, “अहो, कधीचं वाजून गेलं.” कधी वाजलं, हे त्यानं विचारलं नाही. त्याला ते ऐकायचंच नव्हतं.

आता खापर फोडायला काहीतरी हवं होतं. माइक झाला, भिंती झाल्या, रजया झाल्या. उरली ती मुलगी. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. हवा तिथूनच निसटत असणार, दुसरं काय!

“तू जरा पाणी पिऊन ये,” तो तिला म्हणाला आणि बायकोला हाक मारली. “अगं, इकडे ये जरा. हीच ओळ तू म्हणून दाखव.”

“हात ओले आहेत माझे.”

“हातांनी म्हणायचं नाहीये.”

ती हात पुसत आली, कागदावर नजर टाकली आणि कपाटात शिरली. “रजई नीट ओढून घ्या,” नेहमीप्रमाणे तिनं बजावलं. त्याच्या नजरेसमोर ती कधी गात नसे. तुम्ही बघत बसलात की मला हसू फुटतं, म्हणे, आणि ते त्याला आवडायचंसुद्धा.

त्यानं रजया ओढल्या. पण आज एकावर एक तीन होत्या. ती सूर लावत असतानाच सगळा डोलारा सरकला आणि आवाज न करता जमिनीवर बसला. तिचे डोळे मिटलेले होते. ती गात राहिली.

‘सांज’ला तिची हनुवटी डावीकडे, शर्टांकडे वळली आणि परत माइकसमोर आली. ‘सरता’ला पुन्हा वळली. ‘सावल्यांशी’, ‘सलगी’, ‘सारी’. जेवताना शिंक आली की माणूस ताटावरून तोंड बाजूला करतो, तशी ती प्रत्येक ‘स’ माइकला चुकवून बाजूला टाकून देत होती. ‘संपते’ म्हणून तिनं डोळे उघडले आणि खाली पडलेल्या रजया पाहिल्या. मग त्याला पाहिलं.

कॉम्प्युटरकडे वळून त्यानं बंद ठेवलेला आलेख उघडला. मुलीच्या ओळीत प्रत्येक ‘स’ काट्यासारखा उभा होता. बायकोच्या ओळीत काटे नव्हतेच. त्यानं गेल्या वर्षीचं बालगीत उघडलं, त्याआधीची जाहिरात उघडली. कुठेच नव्हते. मग डोळे मिटून मुलीची ओळ आणि बायकोची ओळ पाठोपाठ ऐकली. त्याच्या कानांना दोन्ही सारख्याच होत्या.

“हे कधीपासून?” त्यानं विचारलं.

ती खाली वाकून रजईची घडी घालू लागली. “काय कधीपासून?”

“मान.”

“इथं केलेल्या त्या अंगाईच्या वेळेपासून. तुम्ही मला ऐकवलीत, म्हणालात फर्मास झालीय. माझ्या दाढा शिवशिवल्या. म्हटलं, होतं एखाद्या वेळी. मग पुढच्या गाण्यालाही तेच.”

“आणि मला बोलली नाहीस.”

“दोनदा अगदी ओठांवर आलं होतं,” ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. “आधीच नोकरी गेलेली. त्यात कानही गेले म्हणू? तुमच्या तोंडावर?”

त्याला आधी राग आला. मग गेल्या वर्षीचं स्वतःचंच बोलणं आठवलं. वयानं तुझा आवाज मवाळ झालाय, पूर्वीची धार नाही राहिली, असं तो तिला म्हणाला होता, तेही चहा पिता पिता. ती फक्त ‘असेल’ म्हणाली होती. तेव्हाही ती त्याचे कान सांभाळतच गात होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी हातात पेला घेऊन दारात आली. “काका, परत म्हणू का?”

मान वळवायला तिलाही शिकवता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

“हे बघ, स आला ना, की हनुवटी जरा...” त्यानं सुरुवात केली. बायको घडी घातलेली रजई उलगडून पुन्हा घालू लागली.

“जरा काय?”

“काही नाही,” तो म्हणाला. “तू गातेस ते बरोबर आहे. मलाच ते स ऐकू येत नाहीत. ट्रेबल वाढवून वाढवून त्यांना टोकं मीच काढलीत.”

मुलीला कुठे बघावं ते कळेना. तिनं रिकामा पेला तोंडाला लावला.

त्यानं स्टूल ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं, बायकोला त्यावर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले. “मी फिरवतो. तू ऐक.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“दाढा आहेत ना? तेवढ्या पुरे.”

मुलीचा मूळ आवाज त्यानं होता तसाच राहू दिला. त्याची जी प्रत घुमाऱ्यात जाते, तिच्यातल्याच ‘स’ची टोकं तो तासू लागला, म्हणजे शब्द स्वच्छ राहतो आणि मागे रेंगाळणारा घुमारा टोचत नाही. हे सगळं त्याला येत होतं. फक्त कुठे थांबायचं, ते आता त्याच्याजवळ नव्हतं. एक हात बटणावर ठेवून तो तिच्या भुवईकडे बघत राहिला. ‘सांज’ला भुवई आक्रसली. त्यानं बटण किंचित मागे घेतलं. पुन्हा आक्रसली, पुन्हा घेतलं. हळूहळू भुवई शांत झाली. मग सगळा चेहराच शांत झाला, फोटो काढून घेताना माणूस करतो तसा.

त्यानं बटणावरचा हात काढला.

“झालं?”

“झालं.”

खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं. गाणं पाठवून टाकायला हरकत नव्हती.

“खरं सांग,” तो म्हणाला.

तिनं बोटानं पुन्हा लावायची खूण केली. ओळ आणखी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली.

“‘सावल्यां’वर अजून टोचतंय,” ती म्हणाली. मान वळवली नाही.