डाव्या पानावरचा फोटो

दर शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधली जायची आणि त्या दोरीला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लटकवले जायचे. त्या काळी फोटो काढल्याबरोबर दिसत नसे. रीळ संपेपर्यंत थांबायचं, मग ते धुवायचं, मग छापायचं. तोवर आपण काय टिपलं होतं तेच माणूस विसरून जाई. त्यामुळे दोरीवर लटकलेला आपला फोटो बघताना जरा परक्याचाच वाटायचा, आणि हौशी फोटोग्राफरांच्या त्या क्लबचा नियमही तसाच होता. फोटोच्या मागे फक्त आकडा. ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, आणि मालकाने दुसऱ्याचाच असल्यासारखं ऐकायचं.

हा नियम केला होता क्लबच्या चिटणिसांनी. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर शिक्के मारल्यामुळे त्यांच्या बोलण्यातही शिक्का होता. "आकाश जास्त झालं," म्हणाले की झालंच.

क्लबात तेरा पुरुष होते आणि एक बाई. तिला सगळे प्लेटबाई म्हणत. सरकारी दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. पेशंट तिला प्लेटबाई म्हणायचे आणि ते नाव तिच्यामागोमाग वाचनालयाचा जिना चढून वर आलं होतं. क्लबची अंधारखोली म्हणजे मागच्या बाजूचं जुनं न्हाणीघर. तिथल्या औषधांच्या आंबूस वासाला बाकीचे नाक मुरडत, तर प्लेटबाई आत शिरली की माहेरी आल्यासारखी पदर खोचून उभी राहायची.

तिची एक सवय मात्र सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. दवाखान्यात प्रत्येक प्लेटवर शिशाचं छोटं अक्षर ठेवावं लागतं, डावा की उजवा ते कळायला. ती क्लबातल्या निगेटिव्हच्या कडेलाही शाईने बारीकसा 'डा' लिहायची.

"प्लेटबाई, या झाडाचं डावं फुफ्फुस कसं आहे?" तळ्याचे काका विचारायचे. ते फक्त तळ्याचेच फोटो काढत. सकाळचं तळं, संध्याकाळचं तळं, बदकासह तळं, बदकाविना तळं.

"फुफ्फुस ठणठणीत आहे काका. तुमच्या तळ्यात पाणी भरलंय, तेवढं दाखवून घ्या."

हसणं व्हायचं. पण सवय काही तिने सोडली नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका डॉक्टरने प्लेट उलटी धरून बघितली होती आणि एका सुताराचा धडधाकट गुडघा ऑपरेशनसाठी साफ करून ठेवला होता. प्लेटबाई तेव्हा नवखी, आवाज बारीक. पण ती दारातून अशी ओरडली की नर्सच्या हातातलं भांडं खाली पडलं. तेव्हापासून उलटं काही दिसलं की तिला गप्प बसवत नसे.

ज्या फोटोची ही गोष्ट, तो तिच्या ताईचा.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, एका शिंप्याच्या दुकानात हातशिलाईला होती. ताई डावरी. शाळेत बाईंनी तिचा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवला होता, दोन वर्षं. हात सुधारला नाही; अक्षर तेवढं बिघडलं. पुढे दुकानात मास्तरांनी तिला कामावर घेतलं ते तिच्या टाक्यांवर खूश होऊन, पण बसवलं पडद्यामागे. "गिऱ्हाइकाला उगाच चुकल्यासारखं वाटतं हो," ते म्हणाले. अठरा वर्षं ताई पडद्यामागे होती. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित माणसांच्या अंगावरचे कोट त्या डाव्या हाताने शिवलेले होते आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

पडद्यामागे एक खिडकी होती. एका दुपारी प्लेटबाई क्लबचा कॅमेरा घेऊन तिथे पोचली. ताईच्या मांडीवर काळा मर्दानी कोट होता, ती बटण लावत होती. समोर बसलेली ताई, दोरा ओढून वर नेलेला डावा हात, ताणलेला दोरा आणि त्या सुईकडे लागलेली नजर. दोऱ्यावर खिडकीचा उजेड असा पडला होता की तो तारेसारखा चमकत होता.

"थांब, मी हात बदलते," ताई म्हणाली.

"का?"

"फोटोत बरं दिसत नाही."

"उजव्या हाताने बटण लावता येतं तुला?"

"नाही."

"मग खोटं बटण लावणार का? आहेस तशी बस."

ताईने मांडीवरचा कोट सारखा केला. मग म्हणाली, "काढ. पण हात दिसला पाहिजे हं. काढायचाच तर नीट काढ."

तो फोटो दोरीवर लटकला त्या शनिवारी सगळे दोरीजवळ गोळा झाले. तळ्याच्या काकांनी चष्मा पुसला, परत घातला. चिटणीस जवळ गेले, लांब गेले आणि शेवटी म्हणाले, "हा बाहेर गेला पाहिजे."

बाहेर म्हणजे साप्ताहिकात. क्लब सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत एकाचाही फोटो कुठे छापून आला नव्हता. चिटणिसांनी स्वतः पत्र लिहिलं, फोटो निगेटिव्हसकट नेऊन दिला आणि तीन आठवड्यांनी संपादकांचा होकार आला. पान पाच, पूर्ण पान! प्लेटबाईने दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी ती पेशंटना "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणाली आणि "सोडा" म्हणायचं विसरली. एक म्हातारे गृहस्थ लाल होईपर्यंत तसेच उभे होते.

पुढच्या शनिवारी चिटणीस छापखान्यातून पानाचं प्रूफ घेऊन आले. दोरीच्या मधोमध त्यांनी ते एकटंच लटकवलं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी "वा, प्लेटबाई!" म्हणालं.

प्लेटबाई दोरीजवळ गेली.

फोटो उलटा होता. आरशात दिसावी तशी ताई. हात आता चित्राच्या डावीकडे वर गेलेला, म्हणजे बघणाऱ्याला तो ताईचा उजवा हात वाटणार. गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर. कोटाची बटणंही बाजू बदलून बसलेली, मर्दानी कोट जनानी होऊन गेलेला. ताई उजव्या हाताने शिवत होती, जन्मात कधी शिवली नव्हती तशी.

"हे उलटं छापलंय," ती म्हणाली.

"प्लेटबाई, नियम," चिटणीस बोट वर करून म्हणाले. "ज्याचा फोटो त्याने बोलायचं नाही."

"हा माझा फोटो नाही. म्हणूनच बोलतेय."

चिटणिसांनी घसा साफ केला. "संपादकांनी सांगितलंय मला. उजव्या पानावरचा माणूस पानाच्या बाहेर बघत असला तर बरं दिसत नाही. आत बघायला हवा. म्हणून फिरवलाय. मांडणीची गोष्ट आहे ती, चित्र तेच आहे."

"चित्र तेच कसं? माझी बहीण डावरी आहे."

"ते वाचकाला कुठे माहीत?"

"माहीत नाही, म्हणून तर फोटो काढला!"

"अहो, अकरा वर्षांनी दार उघडलंय," चिटणिसांचा आवाज चढला. "तुमच्या एका हातापायी ते बंद करायचं? आज तुमचा आला तर उद्या यांचा येईल." त्यांनी तळ्याच्या काकांकडे हात केला. काका खाली बघायला लागले. "हौशी माणसाने एवढा ताठा धरू नये हो. आपण हौशी आहोत."

हा शब्द तिला लागला. हौस म्हणजे काय, चालवून घेणं? दवाखान्यात पगार घेऊन ती एक अक्षर चुकू देत नव्हती. मग जे मनापासून करायचं त्यात मात्र डाव्याचं उजवं झालेलं चालवून घ्यायचं?

"बरोबर आहे, मी हौशी आहे," ती म्हणाली. "मला पोटासाठी फोटो छापायचा नाही. म्हणूनच मला नको म्हणता येतं." तिने चिमटा काढला, प्रूफाची घडी केली आणि जिना उतरली.

संपादकांची खोली छापखान्याच्या वर होती. खाली यंत्र चालू झालं की त्यांच्या टेबलावरच्या कपाचा कान खडखडायचा. संपादक स्थूल, दमलेले, वाईट नसलेले गृहस्थ. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि हसले.

"बाई, बक्षीस मिळालेल्या फोटोंचंही आम्ही तोंड फिरवतो. मोठ्या मोठ्या पुढाऱ्यांना उलटं करतो. कुणी तक्रार नाही केली अजून."

"ते उजव्या-डाव्याचा हिशेब ठेवत नसतील. माझ्या बहिणीचा हात शाळेत दोन वर्षं बांधून ठेवला होता. तुम्ही तो परत बांधलात."

संपादकांचं हसू जरा ओसरलं. पण काम ते काम. "हे बघा, पान पाचवर सरळ फोटो मी लावणार नाही. नजर पानाबाहेर गेली की वाचक पान उलटतो. असाच हवा असेल तर असा. नाहीतर परत घेऊन जा. उद्या दुपारी या पानांचा फॉर्म छापायला जातो."

प्लेटबाईने प्रूफ टेबलावर पसरलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला मोह झाला. पूर्ण पान. खाली तिचं नाव, ठळक. आई असती तर शेजारपाजारी दाखवत फिरली असती. आणि ताईला तरी कुठे कळणार, अशीही एक चोरटी कल्पना मनात येऊन गेली. लगेच तिची तिलाच लाज वाटली. ताईला नाही कळणार? अठरा वर्षं बटणं लावणाऱ्या बाईला?

तिने शेजारी पडलेला जुना अंक उचलला आणि उघडून धरला. उजवं पान, डावं पान. एक्स-रेच्या दोन प्लेटा शेजारी लावाव्यात तशी ती बघत राहिली.

"फोटो नका फिरवू," ती म्हणाली. "पान फिरवा."

"म्हणजे?"

"तिची नजर उजवीकडे आहे. डाव्या पानावर लावलात तर ती आतच बघेल."

संपादकांनी अंक तिच्या हातातून घेतला. थोडा वेळ बघितला. "डाव्या पानाला मान नसतो बाई. तिथे जाहिराती असतात. पान चारवर केसांच्या तेलाची आहे, ती हलणार नाही. तिच्या शेजारी तीन इंच उरतील. टपालाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा येईल तुमचा फोटो. आणि पान पाचला मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

"क्लबात एक तळं आहे," ती म्हणाली. "सकाळचं. बदकासह. ते कुठूनही सरळच दिसतं."

संपादक या वेळी खरंच हसले. "पूर्ण पान सोडताय. विचार करा."

"केला."

"चिटणीस माझ्या डोक्यावर बसतील."

"ते माझ्या बसलेलेच आहेत. तुमच्याकडे यायला त्यांना वेळ लागेल."

अंक आला तेव्हा पान पाचवर तळं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळ्याचे काका पंधरा दिवस जमिनीवर चालत नव्हते. प्लेटबाईशी बोलताना मात्र त्यांची मान अवघडायची. शेवटी एकदा जिन्यात गाठून ते म्हणाले, "तुमच्या जागेवर बसलोय मी."

"माझी जागा समोरच आहे काका. अंक मिटला की आपण एकमेकांना चिकटतोच की."

चिटणीस महिनाभर तिला 'प्लेटबाई' न म्हणता 'सभासद' म्हणत होते. तिने ते ऐकून घेतलं, पण शनिवार चुकवला नाही. दोरीवर तिचे फोटो लटकत राहिले, आणि कडेचा बारीकसा 'डा' आता ती जरा मोठाच लिहायला लागली.

पण त्याआधी, अंक आला त्याच दिवशी, दुपारी कामावरून सुटल्यावर ती ताईच्या दुकानात गेली. मास्तर गिऱ्हाइकाची मापं घेत होते. ती त्यांना ओलांडून सरळ पडद्यामागे गेली आणि पान चार ताईच्या मांडीवर ठेवलं.

ताईने आधी हात बघितला. बराच वेळ. मग तीळ, मग बटणं. एक एक बटण बोट लावून पाहिलं. त्या तीन इंचांतही दोरा दिसत होता, केसाएवढा. शेजारी तेलाच्या जाहिरातीतली बाई गुडघ्यापर्यंतचे केस सोडून बसली होती.

"अगं, मी तर हिच्या केसांकडेच बघतेय," ताई म्हणाली. "लोक म्हणतील हिला हेवा वाटतोय."

"लहान आलाय ना?" प्लेटबाई म्हणाली. "मोठा येणार होता. माझ्यामुळेच..."

"कसा येणार होता मोठा?"

प्लेटबाईने पर्समधून प्रूफाची घडी काढली आणि उलगडून दिली. ताईने ती उजव्या हाताने शिवणारी बाई नुसती एकदाच पाहिली.

"ही कोण?" तिने विचारलं, आणि तो कागद परत दिला.

मग ती अंक घेऊन उठली. पडदा बाजूला सारून दुकानात गेली. मास्तर टेप गळ्यात टाकून उभे होते आणि समोरचे गृहस्थ नवा कोट अंगात घालून आरशात बघत होते. ताईने पान चार उघडून दोघांच्या मधोमध धरलं.

"हे मी," ती म्हणाली. "तुमच्या अंगातला कोट याच हाताने शिवलाय. कुठे चुकल्यासारखं वाटतंय का, बघून सांगा."

गृहस्थांनी पानाकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, खांदे हलवून बघितले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही बुवा," गृहस्थ म्हणाले. "उलट हा खांदा पहिल्यांदाच बरोबर बसलाय."

"मग मास्तर," ताई म्हणाली, "माझं स्टूल इकडे पुढे आणते. मागे उजेड कमी पडायला लागलाय."

मागच्या खिडकीतून भर दुपारचं ऊन आत येत होतं. मास्तरांनी तिकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि मापाची वही उचलून तिच्या स्टुलापुरती जागा करायला लागले.