आठ बुडबुडे

"आठ आहेत," सर म्हणाले, आणि चष्मा पुसून त्यांनी बुडबुडे पुन्हा मोजले.

पंपवाल्यांचा जीव भांड्यात पडला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पंप दुरुस्त करून हे नाव त्यांना चिकटलं होतं. खरं नाव पगारपत्रकापुरतं. सरांच्या शोधनिबंधांच्या शेवटी कर्मचाऱ्यांचे आभार असत, त्यांत तेही आले म्हणायचे. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून त्यांनी मागच्या खोलीत, स्टीलच्या एका गोळ्यात, सूर्याच्या पोटात चालतं तसलं अणू सांधायचं यंत्र उभं केलं. शेजारी त्याला भट्टी म्हणत. अणू खरोखर सांधले तर त्यातून न्यूट्रॉन उडतात आणि शेजारच्या जेलच्या नळीत बुडबुडे उठवतात. यंत्रात दिसणारा नुसता जांभळा उजेड काय, दुकानाची निऑनची पाटीही देते. आज सर स्वतः आले होते, आणि विभागाच्या पत्रिकेसाठी पंपवाल्यांचं पूर्ण नाव विचारून कागदावर उतरवत होते.

चहाचं सांगायला पंपवाले स्वयंपाकघरात गेले. बायकोने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"जमलं ना? ती नळी फ्रीजमधून काढली तर नुसती बर्फ. म्हटलं, गारठलेलं काय काम करणार? सकाळपासून शेगडीपाशी ठेवली होती मी, तुम्ही मागितली तेव्हा आणून दिली."

पंपवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ती नळी उष्णतेनेही बुडबुडे धरते. हातमोज्यांमुळे तिची ऊब त्यांना कळलीच नव्हती. चार वर्षांत बायकोला सगळं सांगून झालं होतं, नेमकं तेवढंच राहिलं होतं. संताप आला, पण तिचा हसरा चेहरा बघून तो गिळावा लागला. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

ते बाहेर आले. "सर, लिहू नका. नळी शेगडीपाशी राहिली होती. माझीच चूक."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत, आणि एवढंही शिकला नाहीत?"

"नाही शिकलो, सर."

चहा न घेताच सर गेले. बायकोने भरलेले कप मोरीत ओतले. तिने सगळं आतून ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात पंपवाल्यांनी सगळं नियमाने केलं. नळी स्वतः काढली, स्वतः तपासली, यंत्र चालवलं. बुडबुडे आले. त्यांनी सरांना फोन लावला. सर हसून म्हणाले, या वेळी शेगडी कुठे होती? त्यांना यायला सवड नव्हती, आणि पुढेही होणार नव्हती.

बायको दारात उभी होती.

"हे खरे का?"

"खरे."

तिने वाकून मोजले. "तीनच?"

"तीन पुरतात."

ती नळीच्या अगदी जवळ गेली होती, पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. त्या खोलीत ती आता तशीच येत असे.