म्हाळसाबाईच्या मानेतली गाठ

मी गाठ बोलतेय, म्हाळसाबाईच्या मानेतली. बाई गळा फाडून सांगत होती, “हे दुखणं सुनेनं आणल्यालं न्हाय,” आणि घरातल्या एकानंही तिचं खरं मानलं नाही. मी तर तिच्या गळ्यालाच चिकटलेली, मला ठाऊक होतं. पण गाठीला कोण विचारतं? गाठ दाबतात आणि तोंड वाकडं करतात.

रूप म्हणाल तर चिंचोक्याएवढं. म्हाळसाबाईचा नवरा धुळा सोलापुरात घोंगड्या विणायचा आणि ही त्यांना चिंचोक्याची खळ लावायची. घरचं वळण मला सुटलं नाही, एवढंच.

अंगात शत्रू शिरला की रक्तातले पहारेकरी धावतात, त्याला वेढा घालतात. तसला वेढा म्हणजे मी. कुणीतरी ‘आला, आला’ ओरडलं, आम्ही धावलो, एकमेकांना गच्च धरून बसलो. मधे कोण आहे ते बघायची अक्कल कुणाला?

माझ्या बहिणीही तशाच शहाण्या. काही छातीत जाऊन बसल्या, बाई खोकायला लागली. काही नडग्यांवर लालभडक उठल्या. डोळ्यांकडे गेल्या त्यांनी डोळे असे पेटवले की तिला उजेड सोसेना. आणि आमच्या मनात काय, तर आपण बाईची राखण करतोय!

खोकला आणि मानेत गाठ म्हटल्यावर गल्लीनं क्षय ठरवून टाकला. त्यात सून वच्छला कुंभारी गावची, आणि तिची आई खोकून खोकूनच गेलेली. धुळ्याची बहीण अंबुबाई पदर खोचून आली.

“दादा, ही आईचा रोग घिऊन आलीया. धाड तिला कुंभारीला. येडूला दुसरी बगू.”

येडू म्हणजे वच्छलाचा नवरा. तो मान खाली घालून पिंजलेली लोकर पुन्हा पिंजत बसला.

म्हाळसाबाई उसळली. “वन्सं, आपल्यात सून सासूच्या उष्ट्या ताटात जेवती. ती माज्या ताटात जेवली, मी तिच्यात कवाच न्हाय. रोग काय ताटातनं उलटा चढला व्हय?”

“खोकल्यानं बी येतो की.”

“मग ती का खोकत न्हाय? म्हशीवानी धडधाकट हाय!”

“आत्या, म्हस नगा म्हनू की,” दाराआडून वच्छला सासूला रडत बोलली.

धुळ्यानं मात्र ठरवलं, येत्या बाजाराला पोरीला पोचवून यायचं. तेव्हा म्हाळसाबाई उंबऱ्यात आडवी बसली. “आदी माजी गाठ कापा. आत काय निगतंय ते बगू, मग तिला काडा.”

अशी माझी वरात दवाखान्यात निघाली. डॉक्टर सिद्धलिंगप्पांनी आधी बाईच्या हाताला सुई टोचली. क्षय असता तर बहुतेक तिथं फुगलं असतं. काहीच फुगलं नाही. मग मला कापून काढलं आणि पातळ काप करून भिंगाखाली धरलं. मला अजून आशा होती, आत एखादा तरी शत्रू सापडेल, माझी अब्रू राहील. आत कोण? आम्हीच.

डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. “क्षयाचे जंतू दिसत नाहीत, महारोगाचेही नाहीत. याला सार्कॉइड म्हणतात. हे कुणी आणून दिलेलं दिसत नाही. शरीर आपलं आपणच अशा गाठी करतं. का, ते अजून आम्हालाही कळलेलं नाही. पुष्कळदा ओसरतं. डोळे मात्र जपा.”

धुळा बहिणीकडं बघायला लागला. बहीण डॉक्टरांवर घसरली. “आसं कसं? कुनी आनलं न्हाय तर आलं कुटनं? गल्लीत आता कुनाचं नाव सांगू?”

तिचा जीव दुखण्यात नव्हता, नावात होता.

उरलेली मी आता दवाखान्याच्या फळीवर स्पिरिटच्या बाटलीत असते. एवढा पराक्रम करून बाटलीची राणी झाले! म्हाळसाबाई औषधाला येते तेव्हा दिसते. नडग्या निवळल्यात, खोकला कमी आहे. एका डोळ्यानं मात्र अंधुक दिसतं. ती माझ्या बहिणींची करणी. वच्छला तिचा हात धरून पायरी चढवते, आणि बाई तिच्यावरच खेकसते, “हळू की गं, म्हशी!”

बायांनो, बाप्यांनो, घरात कुणाला अशी गाठ आली तर आधी तपासून घ्या, मग बोट दाखवा. आम्हा गाठींचं काय, आम्ही न बघता धावणाऱ्या. तुम्हाला तर डोळे आहेत.

आणि नावाशिवाय चैनच पडत नसेल, तर आमच्यापुरतं ते त्याच दिवशी सांगून झालंय. अंबुबाईचा प्रश्न ऐकून माझी बाई उठली, मानेची पट्टी सावरली आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी कडाडली, “जा, वन्सं, सांग गल्लीत! पोरीचं नाव काडायचं न्हाय. माज्या अंगानंच हे केलंय. रोग आणणारीचं नाव हाय म्हाळसाबाई!”