नाकाने पास केलेला पलंग

पॉलिश मिस्त्रींच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती सुनेने पडदे काढले त्या दिवशी.

पडदे धुवायला काढले असते तर गोष्ट वेगळी. हिने ते घडी घालून पिशवीत भरले आणि जिन्याखाली नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी गालिचा गेला. मग फोमची गादी, प्लास्टिकची फुलं, ते फुस्सकन उडवायचं सुगंधी पाणी, डासांच्या वड्या. आठ दिवसांत खोली इतकी रिकामी झाली की बोललं की आवाज घुमायला लागला. आणि नवव्या दिवशी सून एकदम गोड आवाजात म्हणाली, "बाबा, तुमची कॉट थोडे दिवस हॉलमध्ये हलवूया का?"

घ्या! म्हणजे उचलबांगडीच्या यादीत आपलाही नंबर होता तर.

कारण तसं कुणालाही पटेल असंच होतं. नातीला दमा होता. नात सहा वर्षांची, एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. दोन महिन्यांपूर्वी तिला असा झटका आला की चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. नाकावर नळी लावलेली ती एवढीशी पोर बघून मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ती झोपते त्या खोलीत धूळ नको, उग्र वास नको, ताजं रंगकाम तर बिलकूल नको. पुन्हा असा झटका आला तर दर वेळी आपण वेळेत पोचूच असं नाही. त्या दिवसापासून सुनेने कंबर कसली होती. भिंतींना साधा चुना, कापसाची गादी, सुती चादरी, खिडकी कायम उघडी.

मिस्त्रींना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांची बायको गेल्यापासून आजोबा आणि नात एकाच खोलीत झोपत. त्यांचं बोट धरल्याशिवाय पोरीचा डोळा लागत नसे, आणि खरं सांगायचं तर तिने धरल्याशिवाय त्यांचाही लागत नसे. तेवढंच एक सुख राहिलं होतं म्हाताऱ्याला. आता खोली नातीला चांगली करायची, तर त्यात आजोबाला का बाहेर काढायचं? आजोबा काय डासांची वडी आहे?

एकदा संशयाने घर केलं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. सून चष्म्याच्या दुकानात कामाला, दोन गल्ल्या पलीकडे. घरी आली की चप्पल काढायच्या आधी दारातच उभी राहून नाक वर करून हुंगायची. मग थेट स्वयंपाकघरात, गॅसचं बटण बघायला. मिस्त्रींनी तापवलेलं दूध पुन्हा हुंगायची. त्यांचा सदरा खुंटीवरून उचलला की तोही नाकाशी न्यायची. आता याला काय म्हणायचं? मी काय कुजतोय की काय, असं त्यांना दहादा विचारावंसं वाटलं. विचारलं मात्र नाही. मानी माणूस!

आणि मग ते फोनवरचं बोलणं. मिस्त्रींचा मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता, महिन्यातले जेमतेम आठ दिवस घरी. सून त्याच्याशीच बोलत असावी. मिस्त्री पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले.

"बाबांना अजून सांगितलं नाही," ती हळू आवाजात म्हणत होती. "कसं सांगू? मोडून जातील ते. तू आलास की दोघं मिळून घेऊन जाऊ त्यांना."

घेऊन जाऊ! कुठे? म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे, दुसरं कुठे? आधी कॉट हॉलमध्ये, मग हॉलमधून दाराबाहेर. पाणी न पिताच ते परत फिरले. त्या दिवसापासून सुनेने पुढ्यात चहा ठेवला तरी त्यांना वाटायचं, एवढी माया का दाखवतेय ही?

त्यातच नवा पलंग आला. सुताराने सबंध लाकडाचा करून दिला होता, प्लायवूड नाही, सनमायका नाही. कोरा, उघडा, बिनपॉलिशचा.

सून म्हणाली, "बाबा, एवढा पलंग नीट घासून द्या ना. वरून फक्त जवसाचं तेल आणि मेण चोळा. दुसरं काही लावायचं नाही हं. तुमच्या हाताचं काम म्हटल्यावर भिंगरी उड्या मारेल."

"तेल?" मिस्त्री म्हणाले. "पलंग काय बाळंतीण आहे, मालिश करायला?"

सून हसली. मिस्त्री हसले नाहीत. चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारलं होतं त्यांनी. त्यांच्या हातच्या टेबलात बघून लोक भांग पाडत. आणि कारखान्याचा दंडकच होता, मिस्त्रींनी नाकाने पास केल्याशिवाय माल बाहेर पडायचा नाही. पॉलिश बोटाला कोरडं लागलं म्हणजे आतून सुकलं असं नसतं. म्हणून मिस्त्री लाकडावर ओणवे होत, नाक टेकवत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत. वास आला तर माल तिथेच राही, मग मालक गाडी घेऊन दारात उभा का असेना. वास नाही म्हणजे माल पक्का. अशा माणसाला ही कालची पोर तेल चोळायला सांगते! आणि त्यांचे पॉलिशचे डबे तर तिने केव्हाच गच्चीवर नेऊन टाकले होते.

पण एक डबा तिला सापडला नव्हता. तो मिस्त्रींच्या ट्रंकेत, स्वेटरखाली होता. मेलामाइन पॉलिश, वासाला उग्र, सोबत ते कडक करायची हार्डनरची बाटली. अस्सल माल.

गुरुवारी सून कामावर गेली, भिंगरी शाळेत गेली, आणि मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. आरशासारखा पलंग करून दाखवतो, म्हणजे या घरात म्हाताऱ्याचा काय उपयोग ते कळेल तिला. मग बघू कोण कुणाला कुठे घेऊन जातं! उग्र वासाचं म्हणाल तर ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पोर सध्या आईजवळ झोपत होती, पलंगावर झोपणार ती चार दिवसांनी, सोमवारी. तोवर सुकेल, आणि नाकाने पास झाल्याशिवाय तिला हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

डबा उघडून त्यांनी सवयीने हुंगला. काहीच नाही. जुना झालाय, वास उडालाय, त्यांनी स्वतःला सांगितलं. उलट बरंच झालं की. मग ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी खिडकी घट्ट लावली, दार ओढून घेतलं आणि कापडाची पुडी करून कामाला लागले. हात काही विसरले नव्हते. एक हात झाला, अर्धा तास थांबले, दुसरा हात मारला. साडेबारापर्यंत पलंग असा चकाकायला लागला की त्यांना त्यात स्वतःचं टक्कल दिसलं. ओणवे होऊन त्यांनी लाकडाला नाक टेकवलं. डोळे मिटून लांब श्वास घेतला.

वासाचा मागमूस नाही. चार दिवस कशाला, आजच पास! बघ म्हणावं सूनबाईला.

एक वाजता शाळेची गाडी आली. मिस्त्रींनी भिंगरीला खालून आणलं, वाटेत "तुझ्यासाठी एक गंमत आहे" म्हणून सांगितलं. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली आणि खोलीच्या दारात मात्र खिळल्यासारखी उभी राहिली. हात नाकावर.

"आजोबा, कसला वास येतोय! डोळे झोंबतायत."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पोरीलाही पढवून ठेवलंय तर! आजोबाने हात लावला की नाक धर, असं शिकवलंय आईने.

"कुठाय वास?" ते म्हणाले. "मला कसा येत नाही? आईने सांगितलं ना असं बोलायला?"

"नाही, आजोबा."

"मग? आजोबाने सकाळपासून राबून पलंग केला, तो आवडला नाही, असं सरळ सांग ना. जाऊ दे. नाही तरी आजोबा कुणाला नकोच झालाय."

बोलताना त्यांचा आवाज कापला. भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग नाकावरचा हात खाली घेतला.

"नाही येत वास," ती म्हणाली. "मला आवडला पलंग." आणि चढून, पलंगाच्या चकचकीत फळ्यांवर गाल टेकवून ती आडवी झाली. मिस्त्रींचा जीव सुपाएवढा झाला. बघा, पोर कशी आपल्या बाजूची आहे! ते तिच्यासाठी पाणी आणायला वळले.

पेला घेऊन परत येईपर्यंत ती उठून बसली होती. खांदे वर ओढलेले, गळ्याखालची खोबण आत जात होती, आणि छातीतून ती ओळखीची शिट्टी. मिस्त्रींच्या हातून पेला सुटला. त्यांनी तिला उचललं, हॉलच्या गॅलरीत नेलं, दप्तर उलटं करून तिचा पंप शोधला. झाकण निघता निघेना. पोर तोंड उघडून हवा गोळा करत होती आणि डोळे मोठे करून त्यांच्याकडेच बघत होती.

"अगं भिंगरे, श्वास घे गं, घे बाळा," एवढंच ते म्हणत राहिले.

सून दुपारी जेवायला घरी येत असे. त्या दिवशी तिला खालच्या मजल्यावरच वास आला आणि ती धावतच वर आली. पंप हातातून घेतला, तोंडाला लावला, दाबला, पुन्हा दाबला. आपल्या खोलीची खिडकी उघडून वाफेचं मशीन लावलं, पोरीला मांडीवर घेतलं. पंधरा मिनिटं गेली. मिस्त्रींच्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं. मग शिट्टी हळूहळू बसली, ओठांवर रंग आला.

"वास नव्हता गं," मिस्त्री दाराशी उभे राहून म्हणाले. "मी नाकाने पास केला होता."

सुनेने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, सगळ्या जिन्यात वास भरलाय. शेजारचे दारं उघडून बघतायत. तुम्हाला वास येत नाही, बाबा. कित्येक महिने झाले. दोनदा गॅस उघडा होता आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. नासलेलं दूध प्यायलात. तुमच्या लेकाला सुट्टी मिळाली की नाकाच्या डॉक्टरांकडे तुम्हाला घेऊन जाणार होतो. कॉट हलवायची होती तीही खोली तयार होईपर्यंतच. तुमचा सगळा अभिमान त्या नाकात, म्हणून माझी जीभ रेटली नाही. माझंच चुकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

मिस्त्रींना हेही खरं वाटलं नाही. इतक्या दिवसांचा संशय असा एका वाक्यात थोडाच जातो? ते न्हाणीघरात गेले. फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. पाणी. हिने पाणी भरून ठेवलं असेल, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं, इतकं ते भूत मानगुटीवर बसलं होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी लसणाच्या चार पाकळ्या स्वतःच्या हाताने सोलल्या, ओट्यावर ठेचल्या आणि बोटं नाकात खुपसावीत तशी धरली. काही नाही. लिंबाची साल कुस्करली. काही नाही. रॉकेलचं फडकं. काही नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं, आणि ते लसणाचं नव्हतं.

आपण किती दिवस काय काय पास करत होतो, कुणास ठाऊक. पण त्यांना त्याचं इतकं वाईट वाटत नव्हतं. पोरीने त्यांना सांगितलं होतं, हा विचार त्यांना खात होता. तिने आल्या आल्या खरं सांगितलं होतं, आणि त्यांनीच रडवेल्या आवाजात बोलून तिच्याकडून खोटं वदवून घेतलं होतं.

पलंग त्यांनी एकट्याने खोलून गच्चीवर नेला. फळी-फळी करून, कुणाला हात लावू न देता. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, फरशी तीनदा पुसली. कामाचे कपडे कचऱ्यात टाकले. मग अंघोळ केली, अंग लाल होईपर्यंत घासलं, धुतलेला सदरा घातला आणि संध्याकाळी सुनेच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. भिंगरी उशीला टेकून चित्रांचं पुस्तक बघत होती. आजोबांना बघून तिने पटकन हात पुढे केला.

मिस्त्री उंबऱ्याबाहेरच थांबले.

"थांब," ते म्हणाले. "आधी सांग, माझ्या अंगाला वास येतोय का? आणि हे बघ, आजोबाला वाईट वाटेल म्हणून काही बोलायचं नाही. मला येत नाही गं वास. तूच सांगायचंस."

भिंगरीने आईकडे पाहिलं. आईने तिच्या पुढ्यातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग पोरीने मान पुढे काढून दोनदा हुंगलं आणि आजोबांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. पुढे केलेला हात तिने हळूच मागे घेतला.

"येतोय," ती म्हणाली. "थोडा. केसांना."

मिस्त्री दोन पावलं मागे सरले.

"शाब्बास गं माझी पोर," ते म्हणाले, आणि पुन्हा डोकं धुवायला गेले.