कपाचा कान

मामांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते टेबलाच्या खणात होतं आणि खण उघडायचा म्हटलं की मी चष्मा पुसत बसायचो.

मामा म्हणजे कोपऱ्यावरच्या हॉटेलातले वेटर. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. मी रोज दुपारी तिथे पुस्तक घेऊन बसायचो. ते न विचारता चहा आणून ठेवायचे, निघताना मी बशीत टिप ठेवायचो. आमचं बोलणं फारसं नव्हतंच. माणूस समोर आला की माझे शब्द आधी पळतात.

शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरू लागला. एकदा चहा माझ्या पुस्तकावर सांडला. मालक गल्ल्यावरून ओरडला, "मामा, आता पुरे! घरी बसा!"

मी गुपचूप दुप्पट टिप ठेवून बाहेर पडलो. मामा रस्त्यापर्यंत मागे आले.

"साहेब, हे जास्तीचं परत घ्या."

"राहू द्या हो, मामा."

"कशाबद्दल? तुमच्या पुस्तकाला चहा पाजला म्हणून?" ते हसले, पण नोट माझ्या खिशात कोंबलीच. "रोजचं ठेवून घेतलंय. ते माझ्या हाताचं आहे."

पुढे ते काम सोडून मुलीच्या गावी राहायला गेले. पत्र तिथूनच आलं. 'जावई म्हणतो, टिप म्हणजे सभ्य भीक. मी त्याच्याशी भांडतो, पण माझ्याही मनात पाल चुकचुकते. तुम्ही रोज ठेवायचात, ते कामाचं होतं की कीव म्हणून? खरं लिहा.'

लिहायला बसलो नाही असं नाही. 'आपली कर्तव्यनिष्ठा', 'आपली सेवावृत्ती'... बायकोने खांद्यावरून वाचलं.

"अहो, माणूस जिवंत आहे ना? मग श्रद्धांजली कसली लिहिताय?"

कागद फाडला. खरं तर माझं मलाच ठाऊक नव्हतं. टिप ठेवायचो ती सवयीने, की भिडेपोटी?

काल नव्या वेटरने चहा ठेवला. पुस्तकातून मान वर न काढता मी डावा हात पुढे केला. बोटं थेट तापलेल्या कपावर आदळली आणि चहा टेबलभर झाला.

"काका, कान इकडे आहे की!" तो म्हणाला.

कान उजवीकडे होता, सगळ्यांचा असतो तसा. माझा उजवा हात पुस्तकावर असतो. हे मी मामांना कधी सांगितलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मला कपाकडे बघावंही लागलं नव्हतं.

घरी येऊन कार्ड लिहिलं.

'मामा, काल चहा सांडला. कपाचा कान उजवीकडे होता. तुम्ही डावीकडे ठेवायचात. टिप त्याची होती. मला कळलं नव्हतं, एवढंच.'

बायकोने वाचलं. तिकीट चिकटवून दिलं.

कार्ड पेटीत टाकलं. तळाला पडल्याचा आवाज आला, तरी फटीत भाजलेलं बोट घालून ते अडकलं नाही ना, हे चाचपून पाहिलं.