मामाचा आहेर आणि माझे साडेचारशे वॉट

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. नाव ऐकून तुमच्यापैकी निम्म्यांना मी कोण ते कळले नसेल, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. कंप्युटरच्या डब्यात कोपऱ्यात बसवलेली पत्र्याची पेटी म्हणजे मी. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला त्याच्या गरजेपुरती वाटून द्यायची, हे माझे काम. माझ्या अंगावर ‘साडेचारशे वॉट’ असे छापले आहे. तरुणपणी ते खरे होते.

माझी पहिली नोकरी उरणच्या एका कंटेनर यार्डात झाली. गेटवर ट्रेलरचे नंबर टिपणाऱ्या कंप्युटरमध्ये मी सात वर्षे काढली. धूळ खाल्ली, खारा वारा खाल्ला, पण एक दिवस रजा घेतली नाही. पुढे तिथे नवे कंप्युटर आले आणि मी भंगारात गेलो. तिथून मला स्वप्निलने उचलले. बाजारात त्याचे कंप्युटर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्याने ब्रशने माझी धूळ झाडली, पंखा बदलला आणि मला प्राप्तीच्या कंप्युटरमध्ये बसवले.

प्राप्ती जवळच्याच गावातली, नुकतीच बारावी झालेली मुलगी. तिचा प्रोसेसर बेताचा, रॅम बेताची, ग्राफिक्स कार्ड छोटे आणि मी हा असा. पण आमच्यात कोणी कोणावर भार टाकत नसे. त्या बेताच्या यंत्रावर पोरीने खेळात असा हात बसवला की पुण्याच्या एका गेमिंग संघाने तिची चाचणी घ्यायचे ठरवले. एका रविवारी दुपारी, घरूनच खेळायचे होते. निवड झाली तर संघात जागा आणि पगार. नाही झाली तर खेळ सोडून यार्डात डेटा एन्ट्रीला जायचे, असा शब्द तिने आईला, म्हणजे सुचिताला दिला होता.

चाचणीच्या दहा दिवस आधी त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आमच्याकडे माहेरचा आहेर वाजतगाजत येतो आणि कोणी काय आणले ते मायकावर पुकारतात. सुचिताचा भाऊ दत्तात्रेय ट्रेलरचा मालक. त्याने बहिणीला साडी आणली आणि भाचीला दुकानातले सगळ्यात मोठे ग्राफिक्स कार्ड. मायकावर त्या कार्डाचे नाव दोनदा पुकारले. भाची नाव काढणार, असे सांगताना मामाचा आवाज भरून आला. खोटे कशाला बोलू, मलाही भरून आले.

दुसऱ्या दिवशी स्वप्निल कार्ड बसवायला आला आणि डबा उघडून बसूनच राहिला. त्याने सरळ सांगितले की हे कार्ड जोर धरेल तेव्हा या जुन्या पॉवर सप्लायला झेपणार नाही, आणि प्रोसेसरही त्याच्या मागे धापा टाकेल. दुकानात परत देऊन मध्यम कार्ड घ्यावे, उरलेल्यात नवा पॉवर सप्लाय आणि थोडी रॅम यावी. प्राप्ती तर लगेच तयार झाली. पण सुचिता हातातले काम टाकून दारात आली.

“आहेर कुनी बदलतं का?” ती म्हणाली. “आख्ख्या गावानं मायकावर ऐकलाय. माझ्या भावाची शोभा करायची हाय का?”

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. तिचे बोलणे ऐकून मला आनंद झाला. मला पुन्हा भंगारात जायचे नव्हते. आपल्याला झेपणार नाही हे माझ्याइतके पक्के कोणालाच माहीत नव्हते, तरी मी खूश होतो.

स्वप्निलने जोडवायरी लावून कार्ड कसेबसे बसवले. खेळातले चित्र साधेच ठेव, म्हणजे कार्ड कमी वीज ओढेल, असे त्याने प्राप्तीला बजावले. तिने ते पाळले. आठवडाभर सराव केला. मी तापत होतो, पण टिकून होतो.

रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन आला आणि प्राप्तीच्या मागे खुर्ची टाकून बसला. थोडा वेळ त्याने पडद्याकडे पाहिले.

“चित्र असं फिकं कशाला? भारी कार्ड हाय ना?”

प्राप्तीने आईकडे पाहिले. आईने डोळ्यांनीच विनवले. पोरीने चित्राची सगळी सेटिंग वाढवली.

पहिला डाव ती जिंकली. मामाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या डावात पडद्यावर आगी लागल्या, धूर उसळला, आणि कार्ड माझ्याकडे मागत सुटले. मी देत गेलो. मग माझ्या पोटात काहीतरी फुटले, जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. जाता जाता मी मदरबोर्डालाही घेऊन गेलो. प्राप्ती बटण दाबत राहिली.

“लाइट गेली काय?” मामाने विचारले. डोक्यावर पंखा फिरत होता.

डाव अर्धा सोडणाऱ्याला पुन्हा संधी नव्हती. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

आता मी स्वप्निलच्या दुकानात भंगाराच्या गोणीत आहे. कार्ड त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवले आहे, आल्यागेल्याला दाखवायला. महिन्याभराने प्राप्ती दुकानात आली. गळ्यात यार्डाचे ओळखपत्र होते. स्वप्निल म्हणाला की हळूहळू सगळे पुन्हा जुळवू, या वेळी एकमेकांना झेपतील असेच भाग घेऊ.

“नको दादा. त्यांचा संघ भरला,” ती म्हणाली. जाताना दारात थांबली. “कशानं जळला ते मामाला सांगू नको. त्याला वाटतं, लाइट कमीजास्त झाली. तसंच राहू दे.”

मित्रांनो, कधी कंप्युटर जुळवाल तेव्हा नव्या पाहुण्याचे कौतुक करण्याआधी आतल्या दुबळ्याची चौकशी करा. तो माझ्यासारखा असेल तर त्याला आधी बाहेर काढा, त्याला कितीही वाईट वाटले तरी. मला कोणी वेळेवर काढले नाही, आणि मलाही मनातून आतच राहायचे होते. प्राप्तीची पाळी सकाळी सातला सुरू होते. माझ्या जुन्याच गेटवर ती आता ट्रेलरचे नंबर टिपते.